ताईसाठी निवडलेलं हॉटेल

हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही — ते गेले बिचारे, न कळताच. तुम्ही ऐका, पण मध्ये टोकू नका. एकदा थांबले तर पुन्हा तोंड उघडायची नाही मी.

लढाईचं वर्ष होतं. जबलपूरच्या फॅक्टरीत हे डबल शिफ्ट करून राहिले होते. क्वार्टरच्या खिडक्यांना काळा कागद, आणि आत मी, सासूबाई नि आमचं तान्हं. त्याचं उष्टावण ठरलं. पहिला घास मामानं भरवायचा — पण मला भाऊ कुठे? आई गेल्यावर मला वाढवलं ते ताईनं. तिचा वर्ध्याहून निरोप आला, "मीच त्याचा मामा. मामा चांदीची वाटी घेऊन येतो आहे म्हणून सांग सगळ्यांना."

आता हसाल — मी तिच्यासाठी हॉटेल शोधायला निघाले. सख्ख्या बहिणीसाठी! तिथल्या सदर बाजारात दोन पाहिली. दोन्ही झोकदार, आणि आपल्याला परवडणारी. एकात वेताच्या खुर्च्या, बाहेर हिरवळ. दुसऱ्यात गच्ची, गुलाबी भिंती, खोलीतच मोठा आरसा. किती वेळ लावला निवडायला! ताईला हिरवळ आवडेल, की गच्ची? काहून एवढा जीव पाखडून राहिले होते मी? मनात चोर होता, म्हणून.

स्टेशनवरून तिला थेट गच्चीवाल्या हॉटेलात नेलं. म्हटलं, लढाई आहे ना ताई, फॅक्टरीच्या वसाहतीत बाहेरच्यांना पास देत नाहीत. खोटं. साफ खोटं. आमच्या शेजारी नागपूरचा अख्खा गोतावळा उतरला होता.

खरं सांगू? — ताईच्या तोंडावर, हातांवर कोड होतं. त्यापायीच तिचं लग्न राहिलं. माझ्या लग्नात ती आपणहून मागच्या खोलीत बसली. सासरी कोणाला ठाऊकच नव्हतं. सासूबाईंनी पाहिलं असतं, तर माझ्या बाळाच्या रक्तात खोट काढली असती. मी भ्याले. भ्याले म्हणते, पण लाजही वाटली — ज्या हातांनी मला भरवलं, त्याच हातांची.

घरी सांगितलं, ताईला जमलं नाही, वाटी तेवढी पाठवली. शेजारचे भैयाच मामा म्हणून पाटावर बसले. त्यांनी खीर भरवली, बाळानं तोंड वाकडं केलं, सगळे हसले. मीही हसले. ताई तेव्हा सदरमध्ये नवं लुगडं नेसून बसली होती.

दुसऱ्या दिवशी भाजीचं निमित्त करून बाळाला तिच्याकडे नेलं. "मेमसाहेब करून टाकलं मला," ताई म्हणाली. मग पदर दोन्ही हातांवर ओढून घेतला, आणि त्या पदरावर बाळाला घेतलं. उघड्या हातानं शिवली नाही.

मी तो पदर बाजूला केला का? नाही.

गाडी सुटताना म्हणाली, "बाबांना सांगीन, मीच भरवलं. तूही तसंच सांग. तुझ्या घराला बोल नको."

ती जन्मभर तेच सांगत राहिली, रंगवून रंगवून. सासूबाई गेल्यावर मुलगा सुट्टीत तिच्याकडे जाऊ लागला, त्यालाही तिनं तेच सांगितलं. परवा तिच्या तेराव्याला तो रडत सगळ्यांना म्हणाला, "माझा पहिला घास मावशीनं भरवला."

मी समोरच बसले होते. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.