कपाळानं ताप बघणारी सिस्टर

ड्यूटी संपली की आम्ही सिस्टर लोक चेंजिंग रूममध्ये चहा घेतो. विषय कुठूनही निघो, येऊन थांबतो मारिसापाशी. नवीन पोरी म्हणतात, वंदनाताई, तिचा तो किस्सा सांगा ना. आता कोणता सांगू? एक सांगायला घेतला की मागून दुसरा येऊन उभा राहतो.

मारिसा फिलिपिन्सची. मस्कतला नर्स होती. शिरड शहापूरचा प्रकाश तिथंच लॅबमध्ये होता. दोघांनी लग्न केलं, हिंगोलीत संसार मांडला अन् ती आमच्या दवाखान्यात लागली. प्रकाशची आई, कौसल्यामावशी, मात्र गाव सोडून यायला तयार नव्हती. "इमानात बसून आलेली सून, इमानात बसून जाईल," म्हणायची. मारिसाचं एकच मागणं होतं, आई आपल्या घरी पाहिजे. तिकडची आई समुद्रापार राहिली, निदान इकडची तरी.

*

तिच्या देशात भेटल्यावर आधी विचारतात, जेवलात का? इथं आल्यावरही ती सवय सुटली नाही. एकदा सकाळी हर्नियाचं ऑपरेशन होतं. पेशंट उपाशीपोटी पाहिजे म्हणून आदल्या दिवसापासून बजावून ठेवलेलं. ऑपरेशनच्या वेळेला बघतो तर बाबा ढेकर देऊन राहिले.

डॉक्टर तापले. बाबांचा पोरगा म्हणाला, "सिस्टरनं ईचारलं, जेवले का. आमी न्हाई म्हणलं तर त्यायचं तोंड एवढुसं झालं. मंग काय, दोन भाकरी खाऊ घातल्या."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. मारिसाला त्या दिवशी वॉर्डात कुणालाही काही विचारायची बंदी होती.

*

हात रिकामे नसले की ती ओठ पुढं काढून दिशा दाखवते. त्यांच्याकडं सगळेच दाखवतात म्हणे. वारंगा फाट्याच्या एका मामांनी तिला एक्स-रेची खोली विचारली. तिच्या हातात ट्रे होता. तिनं ओठांनी डावीकडं दाखवलं. मामा लाजले, टोपी सारखी केली अन् एक्स-रे न काढताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मामी आल्या, मामांना घेऊनच. कंबरेला पदर खोचलेला. मारिसा नेमकी सलाईनच्या बाटल्या घेऊन चाललेली. मामींनी दरडावून विचारलं, "एक्स-रे कुठं काढतेत?" मारिसानं परत तेच केलं, ओठ डावीकडं. मामींनी तिकडं पाहिलं, तर दारावर पाटी.

मामांकडं वळून म्हणाल्या, "चला. तुमच्यासाठी नव्हतं ते."

*

आपण जसं पाया पडतो, तसं त्यांच्यात मोठ्या माणसाचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतात. मारिसा रोज सकाळी वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हात कपाळाला लावायची. म्हाताऱ्यांना वाटलं, ही ताप बघून राहिली. शिरडचीच एक आजी थर्मामीटर जवळ येऊ द्यायची नाही. "ते नगं. त्या सिस्टरला धाडा, ती कपाळानं बराबर बघती." घरी गेल्यावर आजीनं ही गोष्ट गावभर केली.

सगळ्या तालुक्याचे हात तिच्या कपाळाला लागले, फक्त सासूचा नाही. मारिसा वाकली की मावशीचा हात पदराखाली जायचा. शिरडहून परत आली की ती मला सांगायची, "आज पण नाही, ताई." मला लई वाईट वाटायचं.

*

तिच्या स्वयंपाकघरात एक मोठं खोकं असतं. वर्षभर त्यात साबण, चॉकलेट, टॉवेल जमा होतात अन् भरलं की ते तिच्या आईकडं रवाना होतं. यंदा तिनं त्यात मावशीच्या शेतातली हळद घातली. मावशीनं ती पाठवली होती लेकासाठी, सुनेसाठी नाही.

तिकडच्या आईनं हळद पाण्यात उकळून प्यायली अन् पिवळाधमक झालेला रिकामा कप दाखवत व्हिडिओ पाठवला. प्रकाशनं तो शिरडला जाऊन मावशीला दाखवला. मावशीनं पुन्हा पुन्हा लावायला लावला. मग म्हणाली, "रंग काय उतरलाय, बघ." अन् विचारलं, "तिची माय तिकडं एकलीच राहती का रे?"

*

गेल्या महिन्यात मावशी ओपीडीत हजर. एकटी, एसटीनं आलेली, काखेत कपड्यांची भली मोठी पिशवी. म्हणाली, "ताप हाय."

डॉक्टरांनी तपासलं. "मावशी, ताप नाही तुम्हाला."

"तुमच्या मशीनला काय कळून राहिलं? माझ्या सुनेला बघू द्या."

मी पळत जाऊन मारिसाला आणलं. मावशीनं पदराखालून हात काढला अन् पुढं केला. मारिसानं तो कपाळाला लावला अन् तसाच धरून ठेवला. मागं पेशंटची लाईन खोळंबलेली. माझे तर डोळेच भरून आले.

"हाय का?" मावशीनं विचारलं.

"लई आहे, आई."

"मंग हितं काहून उभी? पिशवी घे अन् घरी चल."