दोन ग्राफिक्स कार्डं आणि शेणव्याची भातगिरणी

"दादा, पुन्हा हँग झालं," कल्पना फोनवर म्हणाली.

पंधरा दिवसांत ही तिसरी वेळ. मी शहापूरच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक प्रिंटर खोलून बसलो होतो. म्हटलं, "रीस्टार्ट कर." ती म्हणाली, "चार वेळा केलं." माझं डोकंच फिरलं. मशीन मी स्वतः जोडलेलं होतं, आणि त्यातलं ग्राफिक्स कार्ड तर भांडून बसवलेलं.

कल्पना शेणव्याची. तिच्या वडिलांची, आप्पांची, गावात भातगिरणी. दोन हजार पाच-सहाचा सुमार. आमच्याकडे तेव्हा फार्महाऊसच्या स्कीम जोरात निघत होत्या, आणि बिल्डरांना वॉकथ्रू लागायचा. म्हणजे जो बंगला अजून बांधलेलाच नाही, त्याच्यातून हिंडून आल्यासारखी कॉम्प्युटरवर केलेली फिल्म. कल्पना हे काम कल्याणच्या एका ऑफिसात करायची. रोजचे पाच तास नुसते जाण्यायेण्यात. वैतागून तिने नोकरी सोडली आणि घरीच सुरुवात केली. मुरबाडच्या एका बिल्डरने तिला एक बंगला करायला दिला. तिसऱ्या फोनच्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी साईटवर फिल्म दाखवायची. पसंत पडली तर स्कीममधले सगळे बंगले तिचे. नाहीतर पुन्हा कल्याण.

मशीन घ्यायला बाप-लेक दुकानात आले तेव्हा माझ्याकडे दोन कार्डं होती. ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग. निळ्या खोक्यातलं दोनशे छप्पन एमबीचं, लाल खोक्यातलं एकशे अठ्ठावीस. आप्पांनी निळा खोका उचलला तो सोडायलाच तयार नाहीत.

"हे दुपटीचं हाय. हेच दे."

"आप्पा, नुसते एमबी बघायचे नसतात."

"मंग काय बघायचं? खोक्याचा रंग?"

मी समजावलं. निळ्याची मेमरी मोठी, पण चौसष्ट बिटची. लालची लहान, पण एकशे अठ्ठावीस बिटची. बिट म्हणजे एका दमात किती माल आत-बाहेर होतो ते. कोठार केवढंही मोठं असलं, पण दारातून एका वेळी एकच माणूस पोतं घेऊन जाऊ शकत असेल, तर काय उपयोग?

"आमच्या कोठाराला एकच दार हाय," आप्पा म्हणाले. "तीस वर्सं झाली. काय अडलं नाय."

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं! मग मी दोन्ही कार्डं आळीपाळीने लावली आणि मोटारींच्या शर्यतीचा गेम सुरू केला. निळ्यावर गाडी प्रत्येक वळणाला अडखळायची. लालवर सुळकन निघून जायची. शिवाय निळ्याला पंखाच नव्हता, चिप गार राहायला तिच्यावर नुसता ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवलेला. लालला छोटा पंखा. "पंखा आहे म्हणजे कार्डात दम आहे," असं मी ठणकावून सांगितलं. कल्पनाला पटलं. आप्पा "तुमी शिकलेले लोक" म्हणत बाहेर जाऊन उभे राहिले. लाल कार्ड विकलं गेलं आणि मी जिंकलो.

महिनाभर काही तक्रार नाही. दिवाळी झाली, आणि फोन सुरू झाले.

पहिल्या फोननंतर सोमवारी गेलो, कारण माझं दुकान सोमवारी बंद. मशीन उघडलं, सवयीप्रमाणे ब्रश मारला, हवा मारली, मग कार्डाचा ड्रायव्हर नवीन टाकला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यातला दुभाषी. दोन तास चालवून बघितलं. अगदी झकास! "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम होता," असं सांगून चहा पिऊन आलो.

चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा सोमवार, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. या वेळी व्होल्टेजला शिव्या घातल्या आणि आप्पांना स्टॅबिलायझर आणायला लावला. माझ्यासमोर मशीन शहाण्यासारखं चालायचं. मी पाठ फिरवली की दोन-तीन दिवसांत अडकायचं. मला तर वाटायला लागलं की ही पोरगीच काहीतरी उद्योग करते. तसं मी तिला बोललोही. "काय काय दाबत बसतेस गं?" आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तिसरा फोन आला तो गुरुवारी. फिल्म म्हणजे हजारभर चित्रं एकामागोमाग लावायची, आणि त्यातली सातशे अजून व्हायची होती. एकेका चित्राला तीन मिनिटं. मी शटर ओढलं, निळं कार्ड पिशवीत टाकलं आणि मोटरसायकलला किक मारली. निळं कशाला? तर ते लावून दाखवायचं की बघा, हे लालहून रद्दी आहे.

शेणव्याला पोचलो आणि दारातच थबकलो. गिरणी धडधडत होती. मी कायम सोमवारी यायचो, आणि सोमवारी गिरणीही बंद असायची! आज हंगामाचा भर. बाहेर भाताच्या पोत्यांची रांग, आत कोंड्याचं धुकं. आणि कल्पनाची खोली म्हणजे गिरणीच्याच कोठाराला प्लायवूड मारून केलेला कोपरा. माझ्या मिशा दोन मिनिटांत पांढऱ्या झाल्या.

कॅबिनेट उघडला. प्रोसेसरचा पंखा मोठा, तो कण्हत का होईना फिरत होता. कार्डाचा छोटा पंखा कोंड्याने चोंदून जागच्या जागी बसला होता. चिपला बोट लावलं आणि भाजलं; ती अशी तापली की मशीन अडकायचं. दर सोमवारी मी हाच कोंडा ब्रशने झाडत होतो आणि श्रेय ड्रायव्हरला देत होतो.

आप्पा मागे येऊन उभे होते. "गिरणीमुळं होतंय का रे? शनवारपातूर बंद ठेवतो."

"आप्पा, बाहेर लोक थांबलेत."

"लोक जातील दुसऱ्या गिरणीत. तिला परत कल्याणला नाय धाडायची मला."

पिशवीतून निळं कार्ड काढलं आणि बसवलं. पंखाच नाही तर अडकणार काय? गिरणी चालू, मशीनही चालू. कल्पनाने पुढचं चित्र सुरू केलं आणि घड्याळ लावलं.

"दादा, तीनच मिनिटं लागली. आधीइतकीच."

लागणारच. फिल्ममधली पक्की चित्रं प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, बनवतो. कार्डाचं काम फक्त स्क्रीनवर बंगल्याचं मॉडेल फिरवताना. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तुझं मुख्य काम कोणतं, हे मी तिला विचारलंच नव्हतं. मी गेम लावून तुलना केली, आणि तिने आयुष्यात गेम खेळला नव्हता.

"तुझी काही चूक नव्हती गं," मी म्हणालो.

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि स्क्रीनवरून नजरही काढली नाही.

शनिवारी फिल्म दाखवली गेली. पुढचे बंगले तिला मिळाले. हे मला गिरणीवर जाऊन आलेल्या माझ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. तिने मला फोन केला नाही. उन्हाळ्यात आप्पांनी घरामागे तिला स्वतंत्र खोली बांधली. तिथे लाल कार्ड पुन्हा लावायला मी आपणहून गेलो. मॉडेल फिरवायला ते खरंच सरस होतं, माझी तुलना तेवढ्यापुरती बरोबर होती. चहा कल्पनानेच दिला. पण "बसा" म्हणाली नाही.

तेव्हापासून दोन कार्डांत चांगलं कोणतं असं कोणी विचारलं, की मी आधी दोन गोष्टी विचारतो: काम काय करणार, आणि मशीन ठेवणार कुठे. लोक वैतागतात, "तुम्ही नुसतं सांगा ना!" म्हणतात. वैतागू देत. खोक्यावर काय छापलंय ते मलाही वाचता येतं.