माळ्यावरची खोली आणि भासऱ्यांचं नाव

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. माफी आधीच मागून ठेवते, जरी ही वही कोणी वाचणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. मुलाच्या गॅरेजमधली वही आहे, पानांवर ऑइलचे डाग आहेत आणि तिथे पेन उमटत नाही, म्हणून मधेमधे जागा सुटलेली दिसेल. नावं मात्र मी कोणाचीच लिहिणार नाही. जन्मभराची सवय आहे. त्या सवयीपायीच आमच्या घराची परवानगी दोन महिने अडली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

नागभीडहून ब्रह्मपुरीकडे जाताना आमचं गाव लागतं. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, खाली दोन खोल्या आणि वर माळा. माळ्यावर लाकडी शिडीने जायचं. तिथे धानाचा ढोला, बांबूचा, शेणाने सारवलेला, आणि बाकी सगळी अडगळ. तेवढ्यात आमचं भागत होतं. पण मुलाचं लग्न जुळलं. मुलीचे वडील घर बघायला आले, चहा प्यायले, दोन्ही खोल्यांतून एकदा फिरले आणि शिडीकडे बघत म्हणाले, "खोली होऊ द्या. मग तारीख काढू." बोलले गोडच. पण जाताना दारात असंही म्हणाले, "दुसरीकडूनही विचारून राह्यले लोक."

ठरलं असं की माळ्याच्या भिंती चार फूट वाढवायच्या, वर टिनाचे पत्रे टाकायचे आणि मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, स्वयंपाकाची खोली अन् मोरी काढायची. मुलाच्या बाबांनी एका रविवारी मागच्या बाजूचे कवेलू उतरवले सुद्धा. विटा रस्त्यावर पडल्या. तिसऱ्या दिवशी नगर पंचायतीचा माणूस आला.

"परवानगी हाये का?"

मुलाचे बाबा म्हणाले, "आपल्याच घराले कायची परवानगी?"

"आपल्याच घराले लागते. लोकाच्या घरावर कोण बांधते?"

काम थांबलं. उघड्या बाजूला ताडपत्री टाकली, कडेला विटा ठेवल्या. ढोला खाली आणून चुलीजवळ ठेवला, तेव्हापासून घरात आडवं होऊन चालावं लागायचं. वानरांना ताडपत्रीचा भारी नाद लागला. दिवसातून दहादा वर धप्प आवाज व्हायचा आणि मी भाजी टाकून शिडी चढायची, विटा सरकवून परत उतरायची. खाली आले की वाटायचं, एक वीट राहिली. पुन्हा चढायची.

परवानगीचे कागद नकाशा काढणाऱ्या साहेबाकडून जातात, ते कॉम्प्युटरवर टाकतात. धानाचा हंगाम होता. मुलाच्या बाबांना राइस मिलमधून सुट्टी नव्हती, मुलाला गॅरेजमधून नव्हती. "तूच जाय. कागद तं द्याचे हायेत, भाषण थोडी करायचं हाये," मुलाचे बाबा म्हणाले.

मी पिशवीत आम्हा नवरा-बायकोची आधार कार्डं आणि घरटॅक्सची पावती घेऊन गेले. तिथे एक मुलगी बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "घर कोणाच्या नावावर आहे?"

घर माझ्या भासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे मुलाच्या बाबांच्या थोरल्या भावाच्या. सासरे गेल्यावर त्यांचं नाव लागलं. ते नोकरीला गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात गेले आणि तिथेच राहिले. घर आम्हाला दिलं, पण कागद तसाच राहिला. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि भासऱ्यांचं तर त्याहून नाही. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. त्यांच्या हातात वस्तू देत नाही, खाली ठेवते, मग ते उचलतात. पंचवीस वर्षांत मी त्यांच्याशी थेट एक वाक्य बोलले नव्हते. ते यायचे तेव्हा दाराबाहेर खोकायचे आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचे, "पाणी असंल तं द्या म्हणा."

मुलीने पुन्हा विचारलं, "कोणाच्या नावावर, बाई?"

मी म्हटलं, "घरच्यांच्याच."

तिने मुलाच्या बाबांचं आधार कार्ड उचललं आणि त्यावरचं नाव टाइप करायला लागली. पावती तिने न वाचताच कागदांना टाचली. मला दिसत होतं. एवढं वाचता येतं मला. पावतीवर एक नाव, फॉर्मवर दुसरं. बोट ठेवून दाखवलं असतं तरी पुरलं असतं, तोंड उघडायचीही गरज नव्हती. पण मला वाटलं, भाऊ-भाऊच तर आहेत, आडनाव एकच आहे, चालून जाईल. तिथून लवकर बाहेर पडायचं होतं, हे खरं कारण.

चालून गेलं नाही. महिन्यानंतर कागद परत आला. अर्जदार आणि मालक वेगळे, नव्याने अर्ज करा. मुलाचे बाबा मिलमधून आले ते भुशाने पांढरे झालेले, कागद हातात.

"अवं, तुले मालूम नव्हतं का घर भाऊच्या नावानं हाये म्हणून?"

"मालूम होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

मी ढोल्यामागे काहीतरी शोधत राहिले. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा, होते चूक." त्याच्या लग्नाचं होतं आणि तोच मला सांभाळत होता. मुलीच्या वडिलांचे फोन आता आठ दिवसांनी येत होते, आधी चार दिवसांनी यायचे. मी मोजत होते.

भासऱ्यांना फोन केला. ते चंद्रपूरला बस बदलून दुसऱ्याच दिवशी आले. नकाशावाल्याकडे सह्या केल्या, अर्ज त्यांच्या नावाने गेला. आता जागा बघायला इंजिनिअर येणार होता आणि तेव्हा मालक हजर पाहिजे होता. म्हणून ते थांबले. ढोला, आम्ही चौघं आणि दोन खोल्या. ते खोकून आत यायचे, मी दुसऱ्या खोलीत जायची. ते तिकडे आले की मी सांदवाडीत. दोघांचीही पंचाईत बघून ते दिवसभर रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर बसायला लागले. बायको जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती. मशीनच्या आवाजाने कानही कमी झाले होते. पानठेलेवाला सांगायचा ते अर्धं ऐकून हसायचे.

इंजिनिअर आला तो नेमका दुपारी. बाप-लेक दोघंही कामावर. त्याने फीत लावली, सांदवाडी मोजली, शिडी चढून भिंती बघितल्या, उतरून हात झटकले.

"मालक कुठी हायेत?"

मी पदर ओढून रस्त्याकडे हात केला.

"बोलवा. नकाशावर सही पाहिजे, माझ्यासमोर."

मी दारात गेले. भासरे पलीकडे पाठमोरे बसले होते. मधून ट्रॅक्टर जात होते, धानाच्या पोत्यांचे. निरोप घेऊन धाडायला एखादं पोरही दिसेना. मी म्हटलं, "अवो..." ते माझ्याच कानापर्यंत आलं असेल. रस्ता ओलांडून जावं तर त्यांच्यासमोर उभं राहून काय बोलणार? दाराशी इंजिनिअरने गाडीला किल्ली लावली.

"बाई, मले अजून चार घरं पाहाची हायेत. नसतील तं पुढच्या महिन्यात येतो."

पुढच्या महिन्यात. वर ताडपत्री फडफडत होती. मुलाने टिनाचे नवे भाव लिहून खिळ्याला लावलेला कागदही फडफडत होता. मी उंबरा उतरले, रस्त्याच्या कडेला गेले आणि भासऱ्यांचं नाव घेऊन ओरडले. नुसतं नाव. त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ओरडले. पानठेलेवाल्याचा हात चुन्यात थांबला. तिसऱ्यांदा त्यांचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जसं पावतीवर आहे तसं सगळं ओरडले. आवाज फाटला माझा. समोरची बाई धान वाळवत होती, ती उठून उभी राहिली.

ते वळले. मला बघितलं आणि चप्पल उलटी-सुलटी घालत धावतच आले.

सही झाली. इंजिनिअर गेला. मी चुलीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. तेवढ्यात दाराबाहेर खोकल्याचा आवाज आला. मग भासरे भिंतीला म्हणाले, "माय गेल्यापासून मले एवढ्या जोरात कोणीच बलावलं नव्हतं." आणि थोडं थांबून, "चहा असंल तं द्या म्हणा."

मी चहा ठेवला. पण समोरची बाई संध्याकाळी आलीच. "काय वं, भासऱ्याले असं बलावते का कोणी? मले वाटलं घराले आग लागली!" मी म्हटलं, "लागलीच होती." ती हसली नाही. गावात आठ दिवस ते चाललं.

परवानगी मिळाली. फी आम्ही भरली. पण छताचं पाणी जमिनीत मुरवायला खड्डा करायचा असतो, आणि तो झालेला बघेपर्यंत ऑफिस अनामत ठेवून घेतं, हे आम्हाला खिडकीपाशीच कळलं. मुलाच्या बाबांनी दोन्ही खिसे चाचपले. भासऱ्यांनी बंडीच्या आतून पैसे काढले. "वापस भेटतात ना? मंग भेटले का देजा." दुसऱ्या दिवशी ते गडचांदूरला गेले.

खोली झाली. लग्न झालं. ढोला मागच्या खोलीत गेला, सून वर चालते तेव्हा तिचे पाय मला खाली ऐकू येतात आणि मी उगाच वर बघते. विटा बघायची सवय जाता जात नाही. खड्डा मुलाने आणि त्याच्या बाबांनी खणला, फुटके कवेलूच त्यात भरले. तरी अनामतीसाठी मी ऑफिसात पाच खेपा घातल्या. या वेळी मीच जाते म्हटलं. खिडकीतला बाबू दर वेळी विचारायचा, "मालकाचं नाव?" पहिल्या वेळी मी खाली बघून सांगितलं. पाचव्या वेळी त्याने विचारायच्या आधी सांगितलं.

चेक भासऱ्यांच्या नावाने निघाला. तो घेऊन मी एकटी गडचांदूरला गेले. बसमध्ये पिशवीतून दोनदा काढून वाचला. त्यांची खोली लहान, दारात सिमेंटची पांढरी धूळ. मी पदर घेतला आणि आत जायच्या आधी बाहेरच खोकले. ते उठून बसले. मी चेक खाटेच्या कडेला ठेवला आणि मागे सरकले. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला, आकडा बघितला, मग अक्षरात लिहिलेलं बोट फिरवून वाचलं.

"पुरे हायेत," ते म्हणाले. या वेळी भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून.