गोंदियाला गेलेले घर

तान्हा पोळा : आमच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीचा थरथरता हात न पाहता गोळी लिहिली. कोजागिरी : त्यांनीच ती दुप्पट केली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचा दिवस : तिला पाटावरून उठता येईना, तेव्हा माझ्या मेहुण्यांनी पाहुण्यांसमोर ‘नाटक करून राहिली’ असा निकाल दिला. तिच्या हालांना जबाबदार इतकेच.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आमचे तुमसर भंडाऱ्यातच राहिले. बऱ्याच वर्षांनी, कंप सुरू झाल्यावर, पत्नीने या निर्णयास हरकत घेतली. आमचे खरे घर गोंदियाच्या वाट्याला गेले असून, हे त्याबरहुकूम बांधलेले दुसरेच आहे, असे तिचे म्हणणे. मी कोर्टात नाझर होतो. घराची सर्व कागदपत्रे मी तिच्यापुढे ठेवली. तिने ती शांतपणे चाळली.

“कागद त बरोबरच राहतीन जी. एवढं घर बनवलं त्याइनं, कागद काहून नाई बनवतीन?”

साऱ्या नोकरीत इतका बिनतोड युक्तिवाद मी एकाही वकिलाकडून ऐकला नाही.

परक्या घरी ती फार सभ्यपणे वागे. विचारल्याशिवाय पाण्याच्या गुंडाला हात लावत नसे. संध्याकाळी पिशवी भरून दारात उभी राही. पण सवाशिणीने कुंकू लावून घेतल्याशिवाय कुणाचे घर सोडू नये, म्हणून घरच्या बाईची वाट पाही. घरची बाई तीच. मी कुंकू लावण्यास नकार देई; लावले असते, तर तिचा दावा मान्य केल्यासारखे झाले असते.

हे खूळ जावे म्हणून आमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीने दावा निकाली निघाला नाही. मान ताठरली, हात आखडले, जीभ जड झाली. दारात उभे राहणेही संपले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, की कंपाच्या या आजारात असे भ्रम होतात, आणि नेमकी हीच गोळी अशा रुग्णाला सोसत नाही. त्यांनी ती बंद केली. हळूहळू तिची जीभ सुटली, आणि पहिले वाक्य आले : “घरी कधी जाऊ जी?”

मी कुंकवाचा करंडा आणला. तेव्हापासून रोज तिला निरोप देतो, कोपऱ्यापर्यंत सोबत जातो आणि, तिच्या मते, मुक्कामाला परत आणतो. यजमान भला माणूस आहे, असे ती शेजारणीला सांगते.

आमच्या डॉक्टरांना मी तीन पत्रे पाठवली. कंपाउंडरकरवी उत्तर आले, की उतारवयात असे होतेच. हे उत्तर मला मान्य नाही. म्हणून आता जाहीरपणे विचारतो, डॉक्टर : गोळी लिहिण्यापूर्वी आपण तिचा हात पाहिला होता काय? पाहिला असल्यास गोळी का लिहिली, नसल्यास का पाहिला नाही? खुलासा खासगीत नको. आपल्या आरोग्य शिबिराची जाहिरात ज्या साप्ताहिकात छापून येते, त्यातच, आपल्या सहीनिशी तो द्यावा.