कोंडीरामनं पारखलेला ट्रॅक्टर

घोडेगावच्या बैलबाजारात कोंडीराम आधी बैलावर हात ठेवायचा, मग तोंड उघडायचा. त्यानं 'चांगला' म्हटलं की गिऱ्हाईक डोळे झाकून दावं हातात घ्यायचं. म्हातारा तोंडाचा फटकळ, पण शब्दाचा पक्का.

एकाहत्तर साली त्याचा भाचा मच्छिंद्र हटूनच बसला. जुना का होईना, ट्रॅक्टर घ्यायचा आणि दावणीची खिलार जोडी विकायची. हरण्या आणि पाखऱ्या. वासरं असताना कोंडीरामनंच ती निवडून आणली होती. त्याला मूलबाळ नव्हतं; सगळा जीव त्या जोडीत.

"मामा, ट्रॅक्टर बघायला तुमीच चला."

"अरं, मी बैलाचा मानूस! त्याला काय दात हायेत व्हय मोजायला?"

"खोट ती खोटच की. तुमी न्हाई म्हनला तर न्हाई घ्यायचा. जोडी ऱ्हाईल दावणीला."

एवढं ऐकलं आणि म्हाताऱ्यानं लगेच पटका गुंडाळला.

पुणतांब्याचे भाऊसाहेब ऊसवाले बागायतदार. नवा मोठा ट्रॅक्टर आणल्यामुळे जुना काढत होते. सांगावा न धाडताच हे दोघं सकाळी त्यांच्या वस्तीवर धडकले. भाऊसाहेब किल्ली घेऊन आले.

"जरा थांबा," म्हणून कोंडीरामनं इंजिनावर पंजा ठेवला. लंगडा बैल विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी त्याला मैलभर फिरवून आणतो. अंग तापलं की लंगडणं झाकतं. हे लोखंडही कोणी आधीच तापवून ठेवलंय का, तेवढंच त्याला बघायचं होतं. खरं तर तसंच असावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता.

इंजिन गार ठणठणीत होतं.

"हाका आता," तो म्हणाला.

ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला. कोंडीराम खाली वाकला, तेलाचा थेंब नाही. कान लावला, आवाज एकसारखा. नांगर जोडून शेतात फिरवायला लावला, तर नांगराचं तास सुतासारखं सरळ. खोट काही सापडेना.

'न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. कोण विचारणार होतं? पण जित्याची खोड! चाळीस वर्षांत बाजारात खोटं न बोललेली जीभ, ती आज काय वळणार?

"घे," तो भाच्याला म्हणाला. "निरोगी हाय."

पुढच्या बाजाराला जोडी घेऊन तो स्वतःच उभा राहिला. दुसऱ्या कोणाच्या हातात दावं द्यायला त्याचं मन होईना. नेवाशाकडच्या एका शेतकऱ्यानं बैलांचे दात पाहिले, चार पावलं चालवून पाहिली आणि खूश झाला.

"बाबा, जोडी तर सोनं हाय. मग इकताय कशापायी? खोड काय, खरं सांगा."

कोंडीरामनं हरण्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"जोडीत खोड न्हाई," तो म्हणाला. "ट्रॅक्टरात बी न्हवती."