डबीनं ओ दिली नाही

शेठनं गोमूत्राची बाटली उघडली आणि नव्या टेस्टरवर शिंपडलं. केबलवर शिंपडलं. प्लगवर जरा जास्तच. मी समोरच उभा होतो. माझ्यावर थेंबही नाही. मी काही शुद्ध होण्यातला नव्हतो.

"दसऱ्याला पूजा केलेली वस्तू," शेठ म्हणाला. "तुमच्या वस्तीतल्या माणसानं हात लावायचा तिला?"

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भिवंडीत, अंजूरच्या रस्त्याला शेठचं गॅरेज. कॉम्प्युटरवाल्या गाड्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. इंजिनाला हुकूम देणारी टिफिनएवढी डबी, तिला म्हणायचं कंट्रोलर. टेस्टरनं तिच्याशी बोलायची ठरलेली रीत, तो प्रोटोकॉल. तो शिकवायला कंपनीचा इंजिनीअर आला होता. शिकवणी शेठच्या भाच्याला. मला गाडीत बसून चावी फिरवायची ड्युटी. चावी चालू. चावी बंद. मी इतका टरकलेला, की इंजिनीअर "चला, जेवून घेऊ" म्हणाला तरी मी चावी फिरवली.

पण कान उघडे होते. इंजिनीअर भाच्याला सांगत होता, "टेस्टरनं आधी हाक मारायची. मग डबी ओ देते. नको ते मागितलं तर नाही म्हणते. कशाला नाही आणि का नाही, तेही कळवते. 'नाही' आलं तर घाबरू नका. डबी जिवंत आहे. काहीच आलं नाही, तर लाइन मेली समजा."

मग डबीत नवा प्रोग्राम भरायला घेतला. मध्येच तुटला तर डबी कायमची गेली. आणि भरता भरता टेस्टरचा प्लग सैल होऊन लोंबायला लागला. माझ्या गुडघ्याशीच.

"पकड! दाबून धर!" इंजिनीअर ओरडला.

धरला. शौर्य वगैरे काही नाही, सोडायची भीती जास्त होती. बोटं बधिर. लघवीला लागलेली. तरी धरून बसलो. प्रोग्राम पुरा झाला, गाडी सुरू झाली आणि मी खुशीत हसलो. तिथं चुकलं. हसलो म्हणून शेठनं वळून बघितलं, आणि त्याला प्लगवरचा माझा हात दिसला. मग ती बाटली निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग लावला, तर डबी ओ देईना. गाडीही सुरू होईना. प्लगच्या पिना ओल्या, हिरवट. सगळ्यांना दिसल्या.

गाडी एका गोदामवाल्या चाचांची. ते न्यायला येणार होते.

"चाचा आले की हात जोडायचे," शेठ मला म्हणाला. "म्हणायचं, माझ्या हातानं बिघडलं. न्हाय तर चौकीत बसवीन. वस्तीतून उचलून नेतील तुला."

चौकी मला माहीत होती. आमच्या शेजारचा तिथं चालत गेला होता. परत आणला तो खांद्यावर. खोटं कशाला बोलू, हात मी अर्धे जोडलेही होते.

चाचा आले. "क्या हुआ शेठ, गाडी रेडी?"

शेठनं माझ्याकडे बोट केलं. मी इंजिनीअरकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. लाइन मेलेली.

आणि माझी लाइन? हाक आली की हजर. 'नाही' कधी तोंडातून निघालंच नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. आवाज असा चिरका निघाला, की चाचा म्हणाले, "जोर से बोल, बेटा."

"नाही. हात जोडणार नाही. मी प्लग धरला म्हणून डबी वाचली. काल गाडी सुरू झाली होती. मी शिवलो म्हणून यांनी नंतर प्लगवर गोमूत्र शिंपडलं."

शेठची थप्पड बसली. कान सुन्न. दुसऱ्या कानानं ऐकलं, "निघ!"

निघालो. कशेळीपर्यंत मागं वळून वळून बघत. येणारी प्रत्येक जीप मला चौकीचीच वाटत होती. भीती गेली नव्हती. अजून गेलेली नाही. पण घाबरत घाबरतच ठरवलं. ही रीत मी शिकणार. या गॅरेजात नाही तर त्या गॅरेजात. आडनाव दारातच सांगणार, वस्ती सांगणार, आणि टेस्टर हातात मागणार. द्यायचा नसेल तर का नाही, ते त्यांना चारचौघांत बोलायला लावणार.