मामांसाठी थांबलेली आरती

समस्त नागरिकांना कळवण्यात येते की, गेल्या वर्षी नोएडातल्या एका सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये, ऐन चहा-बटाटेवड्याच्या वेळी, एक राजेशाही संपुष्टात आली. रक्तपात झाला नाही. थोडी हिरवी चटणी सांडली, एवढंच. पायउतार झालेले राजे म्हणजे माझे मामेसासरे. आणि राजेशाहीचा त्यांच्याइतका कडवा शत्रू यमुनेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही!

मामा एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. दिल्लीच्या कचेऱ्यांत माणूस मोठा झाला की त्याच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल येतो. मामांच्या खुर्चीवर तो आला त्याच दिवशी त्यांनी घडी करून शिपायाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी टॉवेल पुन्हा खुर्चीवर हजर. मामांनी काढायचा आणि शिपायाने घालायचा, असं हे युद्ध निवृत्तीपर्यंत चाललं. निरोपाच्या दिवशी मामांनी त्याला विचारलं, "क्यों भाई, क्या मिला?" तो म्हणाला, "साहब, तौलिया न हो तो लोग समझेंगे मैं किसी छोटे आदमी का चपरासी हूँ।" हा किस्सा सांगून झाला की मामा चष्मा पुसतात आणि म्हणतात, "बघा जावईबापू, सिंहासनाची हौस बसणाऱ्याला नसते एवढी भोवती उभं राहणाऱ्यांना असते."

तेव्हापासून त्यांना राजे सगळीकडे दिसायला लागले. सकाळी ते हातात पेन्सिल घेऊन पेपर वाचतात. अमुक नेत्याने जनतेला पुलाची भेट दिली, असं छापून आलं की समासात लिहितात, "कोणाच्या पैशाने?" समारंभाला गेले तर पुढच्या राखीव सोफ्यावर जाऊन बसतात. कोणी धावत आलं, "अंकलजी, ये वीआईपी के लिए है," की हसून सांगतात, "बिल्कुल. मैं मतदाता हूँ।" मग मामी त्यांना हाताला धरून मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे नेते. या बाबतीत ते कुठल्याही पक्षाचे नाहीत. इतकी सरकारं त्यांनी जवळून पाहिली आहेत की ते म्हणतात, "गालिच्याचा रंग बदलतो हो, लांबी वाढतच जाते." एकदा मी खोडी काढायला म्हणालो, "मामा, निवडणुका होतात ना वेळेवर? मग कसली राजेशाही?" त्यावर ते जेवता जेवता थांबले. "लग्न थाटात झालं म्हणजे संसार धड झाला का? निवडणूक एका दिवसाची. पुढे पाच वर्षं प्रश्न कोण विचारतं ते बघायचं. राजा काही घोड्यावर बसून येत नाही. लोक प्रश्न विचारून दमले की ते स्वतःच एखाद्याला उचलून बसवतात आणि म्हणतात, आता तूच बघ बाबा." मामीने त्यांच्या पानात भात वाढला. "तुम्ही आधी जेवा. देश कुठे पळत नाही."

पण त्यांची खरी कसोटी रस्त्यावरची. दिल्लीत कोण्या बड्या माणसाचा ताफा जायचा असला की पोलीस चौक अडवतात आणि सगळं शहर इंजिनं बंद करून उभं राहतं. मामा याला 'स्वारी' म्हणतात. असे अडकलो की ते काच खाली करून शेजारच्या स्कूटरवाल्याला गंभीरपणे विचारतात, "किसकी सवारी निकली है?" त्यांचं म्हणणं साधं आहे. प्रजासत्ताक आहे की नाही हे घटनेत शोधू नका. एक माणूस उशिरा आला तर बाकीचे त्याच्यासाठी थांबतात का, तेवढं बघा.

आता हेच मामा आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. किती वर्षं, ते कोणालाच आठवत नाही, आणि त्यातच सगळं आलं. आमच्या वार्षिक सभेची एक ठरलेली रीत आहे. सोलापूरचे शेखभाई, आमचे चिटणीस, उठून म्हणतात, "अध्यक्षपदासाठी मी मामांचं नाव सुचवतो." कोणीतरी "अनुमोदन!" म्हणून ओरडतं. टाळ्या. मग लगेच वडे, कारण वडे गार होत असतात. मामा दर वर्षी म्हणायचे, "अरे, कोणी विरोधात उभं राहा की!" आणि लोक प्रेमाने हसायचे. वडा हातात असताना बंड होत नाही.

आणि मग गेल्या वर्षीच्या गणपतीतली ती संध्याकाळ आली. उकडीच्या मोदकांची पिठी संपली म्हणून मी मामांना गाडीतून दिल्लीला घेऊन गेलो होतो. परत येताना स्वारी निघाली! आम्ही अडकलो, आमच्या मागे एक ॲम्ब्युलन्सही अडकली. तिचा भोंगा वाजत राहिला आणि कोणीही हललं नाही. हलणार तरी कुठे? या वेळी मामांनी काच खाली केली नाही. रस्ता मोकळा झाल्यावर मात्र नोएडापर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. एका माणसासाठी हजार माणसं थांबतात म्हणजे काय, लाज कशी वाटत नाही, थांबणाऱ्यांना तरी कशी वाटत नाही! हेच बोलत ते हॉलच्या पायऱ्या चढले, आणि दारातच थबकले.

आत सगळं मंडळ उभं होतं. निरांजनं लावून विझत आली होती, कापूर तबकात तसाच होता. पोरं भुकेने रडवेली झाली होती, शेखभाईंची म्हातारी आई भिंतीला टेकून उभी होती. मामांच्या खुर्चीवर कोणीतरी आदराने शाल घालून ठेवली होती. पांढरी.

"सुरू का नाही केलीत आरती?" मामांनी विचारलं.

"काय मामा!" शेखभाई म्हणाले. "तुमच्याशिवाय कशी सुरू करणार?"

मी मामांचा चेहरा पाहिला. पिठीची पिशवी त्यांच्या हातात तशीच लोंबकळत होती.

पुढच्या सभेत त्यांनी जाहीर केलं की आपण अध्यक्ष राहणार नाही. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की कढईतल्या वड्यांचा चुरचुर आवाज ऐकू यावा. मग शेखभाईंचा चेहरा उजळला. "मग मामींना करू या!" कडाडून टाळ्या. चटणी वाढणारी मामी दचकली, चटणी सांडली ती तेव्हा. मामा ओरडले, "खबरदार! हे घराणं झालं!" लोकांना पटलं. ते विचारात पडले आणि त्यातून एक काका म्हणाले, "बरं, मग तुमचा मुलगा? गुरुग्रामहून वीकेंडला येईल की!"

मामांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "मी उभी राहिले तर चालेल का?" ही मुक्ता. दिल्लीत मुनिरकाला भाड्याने खोली घेऊन पीएच.डी. करणारी, दर वर्षी हिशेबावर प्रश्न विचारून वडे गार करणारी. "तू? तू तर भाडेकरू!" कोणीतरी म्हणालं. "यार काका, सभासद आहे ना मी?" मामांना इतका आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता. पण लोक लगेच म्हणाले, "चला, मुक्ता बिनविरोध!" आणि टाळ्या वाजवायला हात उचलले. "नाही!" मामा गरजले. "बिनविरोध काही नाही. तिच्याविरुद्ध मी उभा राहतो. चिठ्ठ्या टाका!"

मोदकांच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. वडे खरोखर गार झाले. मुक्ता निवडून आली, थोडक्या मतांनी. मामांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, समई-पातेल्यांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "प्रश्न विचारायचं सोडू नकोस. आता स्वतःलाही विचार." गाडीत मात्र ते बराच वेळ बाहेर बघत होते. घर जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "शेखने कोणाला दिलं असेल हो मत?"

"मामा, मतदान गुप्त होतं."

"हो, हो. बरोबर आहे. तसंच पाहिजे."

यंदा गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी ते आमच्या घरी चहा पीत बसले. इतका सावकाश चहा मी त्यांना कधी पिताना पाहिला नाही. "मामा, उशीर होतोय," मी म्हणालो. "घाई काय आहे?" म्हणाले, आणि बशीत आणखी थोडा ओतून घेतला. घड्याळाकडे मात्र दोनदा बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा गृहस्थ मुद्दाम उशीर करतोय. आणि त्याला नेमकं काय घडायला हवं आहे, हे बहुधा त्यालाही माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा जिन्यातच टाळ आणि घंटा ऐकू आल्या. आरती संपत आली होती. पोरं मोठमोठ्याने चुकीचे शब्द म्हणत होती, मुक्ता तबक घेऊन उभी होती, शेखभाईंच्या आईला बसायला खुर्ची दिली होती. मामांचीच जुनी, शालीशिवाय. आमच्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मामा चपलांच्या ढिगाऱ्यापाशी, सगळ्यांच्या मागे, हात जोडून उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते. कापराचा धूर दारापर्यंत आला होता, म्हणून मी काही विचारलं नाही. शेवटची घंटा थांबली आणि सगळ्यांनी डोळे मिटले. त्या क्षणभराच्या शांततेत, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, मामांच्या तोंडून निघून गेलं, "थांबले नाहीत हो! माझ्यासाठी कोणी थांबलं नाही!"